न दाखवलेला फोटो

बोईसरच्या आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे मैत्रिणीचे युरोपातले शनिवार-रविवार मी नेमके लॅबमध्ये, अंगावर पांढरा कोट आणि नाकात रसायनांचा वास घेऊन फोनवर बघायची. कधी ती पुलावर, कधी किल्ल्यापुढे, कधी कुठल्याशा चर्चच्या पायरीवर आइस्क्रीम खाताना. मी अंगठा पाठवायची आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकायची. नुसता जळफळाट व्हायचा.

पालघरच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो होतो. जर्मनीचे अर्जही एकाच दिवशी भरले आणि प्रवेश दोघींना मिळाला. माझे वडील साताऱ्याहून इथे आले आणि जन्मभर कारखान्यात पाळ्या करत राहिले. त्यांनी "मुलीला इतक्या लांब नको" एवढ्यावर विषय संपवला. त्यांच्याशी भांडायची माझी छाती झाली नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर, तसा सगळा राग तिच्यावर निघाला.

आणि जाताना ती मलाच काम सांगून गेली. तिची आई दातिवऱ्याला, फोन साधा बटणांचा. "शुक्रवारी तू मोकळीच असतेस, आईला माझे फोटो दाखवत जा." मोकळीच म्हणे. पण नाही म्हणता आलं नाही. सफाळ्याला उतरायचं, एसटी पकडायची आणि तिच्या आईसमोर फोन धरून उभं राहायचं.

आई कायम बोंबील वाळत घालत असायची. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. "माजे हात वले हाईत, तूच धर," म्हणायची. वर माहिती सांगायचं कामही माझंच. हा राजवाडा, ही नदी. आपण न पाहिलेल्या गावाचं कौतुक दुसऱ्याला सांगणं म्हणजे छळ असतो. आईचं राजवाड्याकडे लक्षच नसायचं. लेकीचा चेहरा बघून "सुकलीय जरा," एवढं म्हणून ती पुढची जोडी उचलायची.

मार्चमध्ये मैत्रीण पोर्तुगालला समुद्रकाठी गेली. तिथल्या वाळूत बायका जाळीच्या चौकटींवर मासे सुकवत होत्या आणि त्यांच्यामध्ये ही, डोक्याला रुमाल बांधून हसत. खाली लिहिलं होतं, "आईला हा आधी दाखव. आपलंच गाव वाटलं मला."

राजवाड्यांचं मी सोसलं होतं. पण तिला तिथे जाऊन आपलं गावही मिळावं, हे मला बघवेना. शिवाय आई सगळ्यात खूश होणार ती याच फोटोने, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या शुक्रवारी मी बोटाने तो पुढे सरकवला आणि पुढचा पूल दाखवला. पुढच्या शुक्रवारीही तेच केलं.

तिसऱ्या शुक्रवारी मी दोरीपाशी उभी असतानाच माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला. तिथे कसलीशी सुट्टी होती. मी फोन आईपुढे धरला. खुशाली झाली आणि तिने विचारलं, "आई, तो माशांचा फोटो बगितलास ना? बायका मासे सुकवतायत तो?"

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे बघून म्हणाली, "हाव, दाकवला ना हिनं. लय बेस हाय."

पुढे त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. कॉल संपला. आईने हातातली जोडी दोरीवर टाकली.

"आता दाकव," ती म्हणाली.

मी फोटो काढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने लुगड्याला हात पुसले, एकदा पुसून पुन्हा पुसले, आणि फोन माझ्याकडून स्वतःच्या हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. मी नजर वाळूत घालून उभी.

"तुला पन जायाचा होता ना?"

घरात हे मला कोणीच विचारलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

तिने फोन परत दिला, नेहमीसारखी सुक्या बोंबलांची पुडी माझ्या पिशवीत टाकली आणि पुन्हा कामाला लागली.

"फुडल्या शुक्रवारी ये," ती म्हणाली. "सगलं दाकव पन."