माहेर नावाचं जहाज

जहाज मी निवडलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कुणी सांगितलं नाही.

जहाज खरं नव्हतं. कम्प्युटरवरच्या गेममधलं होतं, आणि समुद्रात नाही, आकाशात जाणारं. पण त्याच्यावरून माझी एक नोकरी गेली आणि एक मैत्रीण गेली, म्हणून मी ते खरंच होतं असं धरते.

नव्वदनंतरचे दिवस. लग्न करून मी गिरणगावातल्या चाळीतून मीरा रोडला आले होते. वडील गिरणीत, आई अंगठा उठवणारी. आमच्या सगळ्या गोतावळ्यात पदवीचा कागद घरी आणणारी मी पहिली. बी.कॉम. वडिलांनी त्या कागदाला काच लावून घेतली होती आणि सासरी पाठवताना भांड्यांबरोबर तोही दिला होता. मी तो इथल्या हॉलमध्ये लावला. येणारे-जाणारे वाचायचे आणि विचारायचे, "मग नोकरी कुठे करता?" नोकरी नव्हती. मीरा रोडला तेव्हा अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी होत्या, चिखल होता, किराण्याची दुकानं होती. ऑफिस नावाची गोष्ट नव्हती.

आमची बिल्डिंग उभी होती तिथे पूर्वी तळमजल्यावरच्या वहिनींच्या सासऱ्यांची भातशेती होती. बिल्डरला जमीन देऊन त्यांना खालचे दोन फ्लॅट मिळाले होते. मधली भिंत पाडून त्यांनी एकच मोठं घर केलं होतं. वहिनीच्या नवऱ्याचे पाण्याचे टँकर होते, आणि आमच्या गल्लीतली प्रत्येक बिल्डिंग त्याचंच पाणी प्यायची. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. वहिनी माझ्याच वयाची, सातवीपर्यंत शिकलेली, माहेर जवळच्याच तारोडी गावचं. माझ्याकडे काचेतला कागद बघितल्यापासून ती मला मास्तरीन म्हणायला लागली. मी शाळेत शिकवत नाही हे मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. खरं तर आवडायचं.

भाऊंनी टँकरच्या हिशेबासाठी कम्प्युटर घेतला. काशीमीऱ्याच्या नाक्यावर त्यांचं ऑफिस व्हायचं होतं. ते होईपर्यंत मशीन घरीच, क्रोशाचा रुमाल पांघरून. विकणाऱ्याने त्यात एक गेम फुकट टाकून दिला होता आणि सोबत त्याच्या जाड पुस्तकाची झेरॉक्स. भाऊंनी बायकोला सांगितलं होतं, खेळ पाहिजे तर, पण मोडू नको. पुस्तक इंग्रजीत. एका दुपारी वहिनी ते घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली.

"तू शिकलेली हायेस ना? मंग वाच."

असं ते सुरू झालं. माऊस तिच्या हातात, पुस्तक माझ्या. ती डावीकडे स्टुलावर, मी उजवीकडे खुर्चीत, मधे चहा. मी शाळेत बक्षीस मिळालेली डिक्शनरी खाली घेऊन जायचे आणि झेरॉक्सवर प्रत्येक अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर शिसपेनने मराठी लिहायचे.

आणि पहिल्याच दुपारी, अजून धड काही सुरू व्हायच्या आधी, तिने मला एक शब्द दिला होता. "ऑफिस झालं ना, का त्या खुर्चीवर कोन तरी लागंल. मी यांना सांगते, आमच्या मास्तरीनला बसवा. तिला मशीन येते." मी काही मागितलं नव्हतं. पण एकदा कानावर पडल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. मशीन शिकायचं, आणि काशीमीऱ्याला खुर्चीत बसायचं. प्रत्येक दुपार मी त्यासाठी मोजली.

गेम सुरू केला की पहिलाच प्रश्न: तुमचं फ्लॅगशिप निवडा. पडद्यावर तीन जहाजं. मी डिक्शनरी उघडली. आरमाराच्या सरदाराचं जहाज, ज्याच्यावर निशाण असतं, बाकीची ज्याच्या मागे जातात.

"म्हंजे वरातीतला नवरा," वहिनी म्हणाली. "मंग नवरा बघतात तसाच बघू. हा पयला कसा हाय?"

"वेगवान आहे. पण तोफा कमी, आणि पोटात जागा नाही."

"मोटरसायकलवाला. नको. घरात टिकनार न्हाय. दुसरा?"

"तोफा भरपूर. जाड चिलखत."

"दिसतो पन कसा बघ! हाच घे."

"थांबा वहिनी. खाली बारीक लिहिलंय. इंधन फार खातो. लांब जायचं तर वाटेत आपलं इंधनाचं ठाणं पाहिजे, नाहीतर जागचा हलत नाही."

"म्हंजे सासऱ्याच्या जिवावर." ती हसली, पण नजर त्याच्यावरच. "तिसरा?"

तिसरा दिसायला अगदीच ओबडधोबड. मधे फुगलेला, चाल मंद, तोफा दोनच. पण पोट मोठं. माणसं नेणारा, सामान नेणारा, एकदा भरला की लांबचा पल्ला गाठणारा. वहिनीने तोंड वाकडं केलं. "हा तर आमचा टँकर हाय गो! घरात काय कमी हायेत?"

आम्ही भांडलो. ती म्हणे राजबिंडा घेऊ, मी म्हणे पोटवाला. माझं म्हणणं पुस्तकातून होतं. त्यात लिहिलं होतं की सुरुवातीला लढाया कमी आणि वस्ती करण्याचं काम जास्त. ज्याची वस्ती आधी, त्याचं राज्य. परीक्षेला करावी तशी मी ती पानं वाचली होती. शेवटी तिने हात वर केले. "पुस्तकात लिवलंय तर लिवलंय. तुझ्यावर सोडला. पन बुडलं तर तू बुडवलंस."

"आणि तरलं तर?"

"तरलं तर तू तारलंस. अजून काय?"

हे तिचे शब्द. मी काही मनचे घालत नाही.

मग पडद्याने विचारलं, नक्की का, नंतर बदलता येणार नाही. मी हो म्हटलं, तिने बटण दाबलं. नाव विचारलं, तेव्हा मात्र मी अडले. तिने एका झटक्यात सांगितलं, "माहेर. टँकरावर यांच्या आईचं नाव हाय, ट्रकावर देवाचं. आपल्याला कोन इचारतंय? याचं नाव माहेर." मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. ते पडद्यावर उमटलं तेव्हा तिने विनाकारण मला एक चापट मारली.

जहाजाने आम्हाला तारलं. ताऱ्यामागून तारा, माहेर आपलं रखडत जायचं, माणसं उतरवायचं, परत यायचं. हिरव्या तोंडाचे लोक खंडणी मागायला आले तेव्हा मी पुस्तकात लढाईचं पान शोधत होते. वहिनी म्हणाली, "लढतेस कशाला? हप्ता दे नि मोकली हो. इथं काय येगलं चाललंय?" दिला. तेही चाललं. दुपारी दोघींचे नवरे बाहेर, पाणी यायला वेळ, आणि आमचं राज्य वाढतंय. मला त्या वेळी कुणी विचारलं असतं, तुझी जवळची कोण, तर मी तिचं नाव घेतलं असतं.

ऑफिसचं काम संपत आलं तशी ती वेगळं विचारायला लागली. मशीन सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर काय टाइप करायचं, हिशेबाची फाइल कुठून उघडायची, छापायचं कसं. मशीनबरोबर आलेली कागदपत्रं वाचून मी ते एव्हाना शिकले होते; मी सांगत गेले. हात धरून करून घेतलं. मला उलट बरं वाटलं, बाई शिकतेय. शिकलेल्या माणसाला हा एक रोग असतो, कुणी विचारलं की सांगत सुटायचं. विचारतंय ते कशासाठी, हे विचारायचं सुचत नाही.

ऑफिसच्या पूजेला मी इस्त्रीची कॉटनची साडी नेसून गेले. पूजेला नेसतात तशी नाही, ऑफिसात नेसतात तशी. आज ती बोलेल, अशी माझी खात्री होती.

नाक्यावर गॅरेजच्या वरचा गाळा. खाली ट्रकांचे हॉर्न, वर सत्यनारायण. कम्प्युटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर कुंकू, पडद्याच्या काचेवर स्वस्तिक. प्रसाद झाल्यावर भाऊंनी हार बाजूला करून मशीन चालू केलं. नळ-पाइपांच्या दुकानाचे हार्डवेअरवाले, बिल्डर, टँकरवाले, सगळे भोवती गोळा झाले. वहिनी खुर्चीत बसली. मला वाटलं, दाखवण्यापुरती बसली असेल. तिने गेम उघडला. आमचं सगळं राज्य पडद्यावर पसरलं, आणि मधे माहेर.

"अरे बापरे," हार्डवेअरवाले म्हणाले. "ये सब भाभी ने अकेले किया?"

"अकेले!" भाऊ म्हणाले. "दोपहर को बैठके, बुक पढके. सातवी पास आहे, पण डोकं बघा. मी म्हटलं, बाहेरचा माणूस कशाला ठेवायचा? सोमवारपासून ऑफिस हीच बघणार."

मी तिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

"और ये बहनजी?" हार्डवेअरवाल्यांनी माझ्याकडे हात केला. मी खुर्चीच्या उजव्या बाजूला उभी होते, सवयीने.

भाऊंनी बायकोकडे बघितलं. वहिनी मागे न वळता म्हणाली, "ह्या आमच्या बिल्डिंगमदल्या. दुपारच्या चायला येतात."

माझ्या हातात प्रसादाचा द्रोण होता. शिरा गरम होता, तूप द्रोणातून गळून तळहातावर येत होतं, आणि मी तो ठेवलाही नाही.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत चार ओळी, खाली हो आणि नाही. "हे काय विचारतंय?" भाऊ म्हणाले. वहिनीचा हात माऊसवर थांबला. तिची मान थोडी उजवीकडे वळली, माझ्याकडे, रोज वळायची तशी. "मास्त..." एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि तिने ओठ मिटले.

मी उभी होते तिथून मला स्वच्छ वाचता येत होतं. जहाज नकाशाच्या कडेला आलं आहे. याच्या पुढे गेलात तर परत यायला इंधन उरणार नाही. जायचं का?

मला एक शब्द बोलायचा होता. नाही, एवढाच. पण मी शेजारची, चहाला येणारी. मला काय कळतंय?

तिने हो दाबलं.

"बघा, कशी फटाफट चालवते," भाऊ म्हणाले. सगळे हसले. माहेर अंधारात सरकत गेलं. ते आता परत येणार नव्हतं, आणि त्या भरल्या गाळ्यात हे मला एकटीला माहीत होतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, गेमच होता ना?" मी म्हटलं, गेम नव्हता, नोकरी होती. त्यालाही ती खुर्ची हवी होती, माझ्यासाठी. साडी मी घडी करून ठेवली आणि त्या वर्षात पुन्हा काढली नाही.

दुपारी खाली जाणं बंद केलं. वहिनीही वर आली नाही. मग एके दिवशी जिन्यातून हाक आली, "मास्तरीन! ते पुस्तक हाय ना तुझ्याकडं? जहाज अडकलंय, हलतच न्हाय. यांना पायजेल." पूजेच्या आधीपासून झेरॉक्स माझ्याच घरी होती. मी वरूनच सांगितलं, उद्या देते.

त्या दुपारी मी खोडरबर घेऊन बसले. पहिल्या पानापासून. फ्लॅगशिपच्या डोक्यावरचं 'सरदाराचं जहाज', इंधनाचं पान, वस्तीचं पान, खंडणीचं पान. एकेक शब्द पुसला. झेरॉक्सची शाई पसरून पानं काळपट झाली, बोटं काळी झाली, रबराचा चुरा लादीवर पडला. इंग्रजी तेवढं जिथल्या तिथे ठेवलं. पुस्तक त्यांचं होतं. शिसपेन माझी होती. आजही विचाराल तर मी पुन्हा पुसेन.

दुसऱ्या दिवशी ती आली. नवी साडी, हातात ऑफिसच्या किल्ल्या. दारातच मी पुस्तक दिलं. तिने उघडलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मधलंच एक उघडून बघितलं.

"पुसलंस गो सगलं?"

"मी काय, चहाला यायचे."

ती दारातच उभी राहिली. किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात केला. "त्यांना सांगतलं असतं, मशीन भायेरच्या बाईच्या हातात दिलेली, तर मना जिती ठेवली असती काय? तुला काय म्हायती."

असेल. ते खरं असेल. नवऱ्याच्या भीतीने माझं नाव घेतलं नाही, हे मी एक वेळ समजू शकते. पण खुर्चीत बसायला तर कुणी भीती घातली नव्हती. हे तिलाही कळत होतं.

"बरं," ती म्हणाली. आवाज एकदम नेहमीचा झाला, दुपारचा. "मंग चाय तरी दे आता. तुझ्याकडची कधी पिलेच न्हाय."

"दूध संपलंय," मी म्हटलं.

दूध होतं.