दोन किल्ल्यांचं गोदाम

सीलसाहेब रोज संध्याकाळी गोदामात शिरून ढोसतात, अशी कुजबूज दारूच्या कारखान्यात होती. नळावर हा विषय निघाला की भरलेली बादली ओसंडून वाहायची, तरी कुणी तोटी बंद करत नसे.

सीलसाहेब म्हणजे मालाला सरकारी सील ठोकायला कारखान्यावर नेमलेले निरीक्षक. गोदामाला कुलपं दोन: सरकारच्या कुलपाची किल्ली साहेबांकडे, कारखान्याच्या कुलपाची स्टोअरकीपरकडे. एकट्याने दार उघडायची सोयच नव्हती.

साहेबांचं बिऱ्हाड कारखान्याच्या आवारातच. बायको वारलेली, लेक सासरी, तीही लांब. त्यांना चहाला बोलवावं तर मालकाला वाटणार हा चुगल्या करतो, आणि सरकारला वाटणार साहेब पैसे खातात. म्हणून सगळे चार हात लांब. त्यात कपड्यांना स्पिरिटचा वास. अफवेला आणखी काय लागतं?

दिवस कलला की साहेब स्टोअरकीपरच्या दारात उभे.

"चला, टाकीची पातळी मोजून घेऊ."

"कालच तर मोजली, साहेब."

"ऊन काय कमी होतं आज? स्पिरिट उडतं."

आतून स्टोअरकीपरची बायको म्हणायची, "जा हो, जा. माझ्या सवतीला ताटकळत ठेवू नका."

टाकीत दांडी बुडवून झाली की दोघं पालथ्या पिंपांवर टेकत. साहेब गुडघ्यांची कुरकुर सांगत, स्टोअरकीपर मेव्हण्याचे प्रताप. त्या मेव्हण्याला साहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण तो कुठे काय बोलेल हे त्यांना तोंडपाठ झालं होतं.

कुजबूज वरच्या ऑफिसात पोचली. एका संध्याकाळी मोठे अधिकारी न कळवता आले. टाकी मोजली, साहेबांचं तोंडही हुंगलं. टाकीत थेंब कमी नव्हता, तोंडाला वास नव्हता.

"मग रोज उघडता कशाला?"

साहेबांनी स्टोअरकीपरकडे पाहिलं.

"खबरदारी म्हणून."

"नियमात आठवड्यातून एकदा आहे. यापुढे तेवढंच."

नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर साहेबांच्या ओट्यासमोरून घरी निघाला. त्याने मान लववली. साहेबांनीही लववली. मेव्हण्याचं पुढे काय झालं, हे विचारायला साहेबांना कारण उरलं नव्हतं.

साहेब दारूला कधी शिवले नव्हते. सरकारी कुलूप उघडताना दुसरा माणूस हजर लागतो, म्हणून ते रोज गोदाम उघडत होते.