पुष्पाबाईंच्या घरातली मराठी

पुष्पाबाईंचा सख्खा भाऊ देगलूरच्या पलीकडून एस.टी. बदलत बदलत त्यांना भेटायला लातूरला आला, तेव्हा त्या त्याच्याशी मराठीत बोलल्या. त्याला मराठीचा गंध नव्हता. तो उंबऱ्यापाशी पिशवी घेऊन बसला, तेलुगूत काहीतरी म्हणाला. पुष्पाबाईंनी चुलीवरून मान न वळवता सांगितलं, "मराठीत बोल." तो पुन्हा तेच म्हणाला. ह्यांनी पळी तव्यावर वाजवली. नवरा कामावर गेलेला. शेवटी तो बिचारा उठला आणि शेजारी माझ्या दुकानात येऊन हात जोडून उभा राहिला.

आम्ही पिंजारी. बापदादापासून लातुरात कापूस पिंजून गाद्या भरतो. माझं शिक्षण उर्दू शाळेत तिसरी. मराठी मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, आणि हे लिहिण्यापुरती ती पुरते. घरात दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कापसासाठी देगलूरच्या बाजारात जायचो म्हणून तेलुगूचे थोडे शब्द. भाव किती, वजन किती, माल ओला का कोरडा. एवढ्या भांडवलावर मी बहीणभावाच्या मधे उभा राहिलो.

भावाचं सांगणं एवढंच की आई अंथरुणाला खिळलीय, तुझं नाव घेते, पोराला घेऊन ये. मी मराठीत सांगायच्या आधीच पुष्पाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे कळत सगळं होतं. पण उत्तर मराठीतच.

"सांगा त्याला, भाई. मी यीन. पोरगं येणार न्हाई. तिथं त्याची जीभ बिघडंल."

मी माझ्या बाजारी तेलुगूत सांगितलं, ती येते, पोरगा नाही. तो हसला आणि म्हणाला, बहीण कलेक्टरीण झाली वाटतं, शिपायामार्फत बोलते. शिपाई म्हणजे मी. मला राग आला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. जाताना त्यानं पिशवीतली चिंच उंबऱ्यावर ओतली आणि मागं न बघता गेला. ती चिंच मात्र पुष्पाबाईंनी एकेक बोटूक करून वेचून घेतली. "चिंचेला बोली नसती, भाई," म्हणाल्या.

आईला भेटायला त्या गेल्या, एकट्याच. पोचल्या तेव्हा माती देऊन झाली होती.

पुष्पाबाई हे नावही त्यांनी लातुरात घेतलेलं. मूळच्या त्या पोशव्वा. नवरा मल्लय्या, दगडाच्या भिंती रचणारा गवंडी. त्याचा मल्हारी केला. पोराचं नाव नरसिम्लु. त्याला शाळेत घालताना नरेश करून टाकला. मल्लय्याला काही ते नाव अंगी लागलं नाही. 'मल्हारी' अशी हाक मारली की तो मागं वळून बघायचा, दुसरं कोण आलंय म्हणून. पोरापुढं तेलुगूचं अक्षर काढायचं नाही असा घरात हुकूम होता. मल्लय्या झोपेत तेलुगू बडबडायचा, म्हणून त्याला बाहेर ओट्यावर अंथरूण. थंडीत मी त्याला एक जाड गादी भरून दिली. म्हणालो, अरे, बायकोनं हाकललेला माणूस तू एकटाच नाहीस, पण बोलीपायी हाकललेला तूच.

आमच्या गल्लीत तेव्हा क्लासवाले यायला लागले होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहायची. ज्याला एक खोली जास्त, त्यानं खाटा टाकल्या. मला गाद्यांचं काम पुरंना. पुष्पाबाईंनी खानावळ काढली. भाकरी थापायला माझ्या बायकोनं शिकवलं, आणि मराठी जेवायला येणाऱ्या पोरांनी शिकवली. कुणी नवा शब्द बोललं की त्या हातातला घास थांबवायला लावायच्या, "काय म्हनलास? परत म्हन." पोरं हसायची. त्यांना काय वाटायचं नाही. "ज्या गावचं पाणी, त्या गावची वाणी," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

पण एक गोष्ट त्यांना जमली नाही. भाकरी मोजताना त्यांचे ओठ तेलुगूत हलायचे. ओकटि, रेंडु, मूडु. आवाज नाही, नुसते ओठ. माझ्या ते ध्यानात आलं आणि एकदा मी डिवचलं. म्हणालो, "पुष्पाबाई, चोरून मोजता का? आम्ही ह्या लातुरात तीन-तीन बोली बोलतो. बोलीनं कोण मेलं न्हाई अजून."

त्यांनी भाकरी टोपलीत ठेवली. "माझी मेली," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

संध्याकाळी मल्लय्या दुकानात येऊन बसला. कापसाच्या ढिगात बोटं घालून बसला आणि मोडक्या मराठीत सगळं बोलला.

लातुरात यायच्या आधी ते दोघं किल्लारीकडच्या एका खेड्यात कामाला होते. आपल्याच गावच्या गवंड्यांच्या टोळीत राहायचे, त्यामुळं मराठीची गरज पडली नव्हती. नरसिम्लु अंगावर पिणारा, आणि त्याच्या वरची एक पोरगी, लच्चव्वा. गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. मल्लय्या टोळीसोबत कामापायी परगावी होता. पोशव्वाला तान्ह्यासकट कुणीतरी ओढून काढलं. लच्चव्वा दुसऱ्या अंगाला, भिंतीखाली. जिवंत होती. आतून 'अम्मा, अम्मा' करत होती आणि बाहेर फक्त पोशव्वाला ते ऐकू येत होतं, कारण तिथं खाली कान लावून तीच बसलेली. ती मदतीला आलेल्या माणसांकडं धावली. हाताला धरून ओढलं, तेलुगूत सांगितलं, इथं खणा, पोरगी बोलतेय. त्या दिवशी त्या गावात प्रत्येक बाई काही ना काही ओरडत होती. माणसं वाईट नव्हती. त्यांनी तिला लिंबाखाली बसवलं, पाणी पाजलं, पाठीवर हात फिरवला. ती उठली की परत बसवायचे. मल्लय्या दुपारी पोचला तोवर आतला आवाज थांबला होता.

"मराठीचा एक शब्द पायजे होता, भाई," मल्लय्या म्हणाला. "एकच."

त्यानंतर मी त्यांना कधी डिवचलं नाही. पोराला मात्र ह्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आपल्याला बहीण होती हेही नरेशला माहीत नव्हतं. पुष्पाबाईंनी मला एकदाच बजावलं, "त्याला कशाला, भाई? त्याला ह्या गावचं होऊन ऱ्हाऊ द्या."

आणि तो झाला. असा झाला, की शाळेत भाषणाचं बक्षीस आणायचा. घरी येऊन आईलाच शिकवायचा, "आई, 'न्हाई' नाही म्हणायचं. 'नाही' म्हणायचं." बाई लेकाकडून बोलणी खातेय आणि तोंडभर हसतेय, हे मी त्यांच्याच घरी बघितलं. पुढं तो डॉक्टर काही झाला नाही, पण क्लासमध्ये शिकवायला लागला. असा शिकवायचा की मागच्या बाकावरच्या पोरालाही समजावं. पुष्पाबाई क्लासच्या जिन्यावर पदर सावरून बसायच्या. वर काय चाललंय त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणालो, कशाला पाय दुखवून घेता? म्हणाल्या, "सगळी पोरं गप ऐकून राहिलीत, भाई. त्याचं सगळ्यांना कळतं."

क्लासचं वारं नांदेडला गेलं तसा नरेशही गेला. तिथं फ्लॅट घेतला, लग्न केलं. मल्लय्या वारला तेव्हा नरेशनं सगळं इथल्या रीतीनं केलं, त्यांच्यातली रीत वेगळी हे त्याला सांगणारं कोण होतं. सांगू शकणारी बाई गप्प बसून होती. मग तो आईलाही नांदेडला घेऊन गेला.

मागल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. आईला लकवा मारलाय, आठवडा होत आला, आणि आई बोलतेय ते कळत नाही. जीभ अडखळत नव्हती. आई सरळ, स्वच्छ बोलत होती, पण तेलुगूत. मराठी गेली होती. डॉक्टर त्याला म्हणाले, कधीकधी असं होतं, मागून शिकलेलं पुसलं जातं आणि आधीचं उरतं. "चाचा, तुम्ही या," एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याच दिवशी अहमदपूरवरून नांदेडची गाडी धरली. ह्या वयात प्रवास करू नका म्हणून घरचे ओरडत होते. ओरडू दिलं.

दवाखान्यात देगलूरकडची एक सिस्टर होती, तिला तेलुगू येत होतं. ती नरेशकडं बोट करून मला म्हणाली, "बाबा, शब्द मी सांगितले यांना. पण त्या कुणाला बोलावतात ते यांनाच माहीत नाही." मी कॉटजवळ गेलो. पुष्पाबाई लहान झाल्या होत्या. दाराकडं बघून त्या तेच तेच म्हणत होत्या, "चीकटि पड्डदि बिड्डा, रा, इंटिकि पोदाम." अंधार पडला बाळा, ये, घरी जाऊ.

नरेश म्हणाला, "मी रोज म्हणतो, आई, मी इथंच आहे. तरी दाराकडंच बघते. चाचा, कोणाला म्हणते ही?"

मल्लय्या गेला. बाई अशा पडलेल्या. सांगणारा मीच उरलो होतो. मी त्याला बाहेरच्या बाकड्यावर नेलं आणि लच्चव्वाचं सांगितलं. लिंबाचं झाड, पाणी, सगळं. झाल्यावर त्यानं इतकंच विचारलं, मी कुठं होतो? मी म्हणालो, आईच्या कडेवर.

आत आल्यावर त्यानं सिस्टरला विचारलं, 'आई, मी आलोय' हे तेलुगूत कसं म्हणायचं? तिनं सांगितलं. ज्या माणसापुढं वर्गच्या वर्ग गप्प बसतो, तो ते दोन शब्द भिंतीकडं तोंड करून घोकत होता. मग आईचा हात हातात घेऊन म्हणाला, "अम्मा, वच्चिना."

पुष्पाबाई बोलायच्या थांबल्या. कितीतरी दिवसांनी कुणाकडं तरी नीट बघितलं. त्याचं तोंड, चष्मा, रडणं, सगळं न्याहाळलं. मग हात हळूच सोडवून घेतला, पदर डोक्यावर ओढला, जसा परक्या माणसासमोर ओढतात तसा. आणि सिस्टरला विचारलं,

"ई मराठायन एवरु?"

हा मराठी माणूस कोण. सिस्टरनं खाली बघितलं. अर्थ सांगायची गरज नव्हती. आईच्या इतक्या दिवसांच्या बोलण्यातला तो एकच शब्द नरेशला आपला आपण समजला होता.

दोन दिवसांनी त्या गेल्या. तोवर दाराकडंच बघत होत्या.

नरेश आता लातूरला आला की माझ्या दुकानात येतो. मुलगा गाद्यांचं बघतो, मी नुसता बसून असतो. तो मल्लय्या बसायचा तिथंच बसतो आणि विचारतो, चाचा, ह्याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. मी सांगतो. कापूस, पत्ति. किती, एंत. पाणी, नीळ्ळु. तो पोरासारखा म्हणून बघतो, जीभ वळत नाही, परत म्हणतो. त्याला आईशी बोलायचं होतं. माझ्याजवळ बाजार आहे. तोच शिकवतो.