विनोदचा मोठा फोटो

इंझोरीच्या फाट्यावर नवा फ्लेक्स लागला की भागिरथाबाई शेतातून परतताना हमखास थांबायची. वर हात जोडलेला पुढारी आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून तिळाएवढ्या तोंडांची रांग. त्या रांगेच्या कोपऱ्यात तिचा विनोद. बाईला अक्षरओळख नाही, पण बोट नेमकं त्याच्यावर जायचं.

"यंदा जरासा मोठा केला त्याले," ती म्हणायची.

मी शेजारी. "दुर्बीण आणू का?" म्हणून चिडवायचो. ती हसायची.

नवरा गेल्यावर निंदण-खुरपण करून तिनं हा एकुलता पोरगा वाढवला. पोरगा बारावीनंतर भाऊंच्या मागं लागला. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव घेत नाही, मला याच गावात राहायचंय. विनोद त्यांच्या सतरंज्या उचलायचा, घोषणा द्यायचा. मायलेकांची इच्छा एकच होती, एकदा तरी फाट्यावर विनोदचा एकट्याचा मोठा फोटो लागावा. यात कोणाचं काय जात होतं, सांगा.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत भाऊंचं काही खरं नव्हतं. प्रचार संपत आला असताना एका सकाळी दोन अनोळखी माणसं भागिरथाबाईच्या दारात आली. बोली आपल्याकडची नव्हती. तुम्ही कुठले, असं बाईनं विचारलं नाही. भाऊंचं नाव घेतलं की आमच्याकडं दार उघडतं. विनोदचा एकट्याचा मोठा फ्लेक्स करायचाय, फोटो द्या म्हणाले. बाईनं लगबगीनं पेटीतून नात्यातल्या एका लग्नातला त्याचा हसरा फोटो काढला.

"हसरा नको, मावशी. साधा द्या. आणि विनोदला सांगू नका, त्याची गंमत करायचीय."

तिनं दुसरा फोटो पदरानं पुसून दिला. वर चहाही पाजला.

त्याच संध्याकाळी कारंज्याची सभा आटोपून येताना विनोदच्या मोटारसायकलला मागून जीपनं उडवलं. तो जागीच गेला. जीप थांबली नाही, पुढं सापडलीही नाही. विरोधकांनी घात केला, असं भाऊ माइकवर रडत सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून विनोदला घरी आणायच्या आधीच फाट्यावर फ्लेक्स उभा होता. दोन माणसांच्या उंचीचा विनोद, 'भावपूर्ण आदरांजली', आणि खालच्या रांगेत, बारीक होऊन, भाऊ.

इतक्या लवकर छापला कोणी? मी कारंज्यात फ्लेक्सवाल्या शहबाजला गाठलं. त्यानं आधी शटर अर्धं ओढलं.

"आर्डर आदल्या दुपारीच आलती, मजकुरासगट. मले वाटलं, मानूस आधीच गेला असंल. माहं नाव नका घेऊ जी, लेकराबाळाचा मानूस हाव मी."

म्हणून शहबाज हे त्याचं खरं नाव नाही. पोलिसांना मी तोंडी सांगून पाहिलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं, आणि भाऊ दणदणीत मतांनी निवडून आले. माझा अजून संताप होतो.

भागिरथाबाईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. गरजही नव्हती. बाई अडाणी आहे, मठ्ठ नाही. हसरा फोटो का नको होता, ते तिला फाट्यावरच कळलं. आता ती तिकडं फिरकत नाही, बांधाबांधानं शेतात जाते. परवा दारात ज्वारी पाखडता पाखडता तिचे हात थांबले.

"त्या दिवशी दुपारी तो जेवाले आलता," ती म्हणाली. "मले म्हने, माय, काहून एकटीच हासून राह्यली? माह्या व्हटावर आलतं सारं. पन मी म्हनलं, काई नाई, तू जेव."