बाह्या वर करा

"मॅडम, उजव्या हातातून काढा की. त्यो कोरा हाय."

समोरचा तरुण मला मार्ग सुचवत होता. त्याच्या डाव्या हातावर हिरव्या शाईत 'उदगीर जिल्हा' असं गोंदलेलं होतं. खपली अजून पडली नव्हती.

"रक्त सगळ्या अंगात एकच फिरतं," मी म्हटलं. "टॅटू कधी काढलात?"

"ह्याच जत्रंत. सगळ्यांनीच काढलाय."

मी मान वर करून रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या प्रत्येक डाव्या हातावर उदगीर जिल्हा झालेला होता.

तेव्हा मी लातूरच्या एका रक्तपेढीत मेडिकल ऑफिसर होते. दुष्काळाचा उन्हाळा. कॉलेजं बंद, लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. शिबिरं एकामागून एक कॅन्सल होत होती आणि आमचे फ्रीज रिकामे. थॅलेसेमियाच्या मुलांना ठरावीक दिवसांनी रक्त चढवावंच लागतं. त्यांचे आईबाप रोज काउंटरवर उभे. अशात बसवराज अप्पांचा फोन आला. लातूरपासून वेगळ्या उदगीर जिल्ह्याची मागणी करणाऱ्या तरुण मंडळाचे ते अध्यक्ष. "म्हणाल तेवढी पोरं देतो," म्हणाले. मी व्हॅन घेऊन थेट उदगीर गाठलं आणि मंडळाच्या ऑफिसात शिबिर मांडलं.

"अप्पा, टॅटू काढताना प्रत्येकाला नवी सुई होती का?" मी विचारलं.

अप्पांची छाती फुगली. "एकाच सुईनं सगळ्यांना! एकी दिसाया पाह्यजे ना, मॅडम."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांना सांगितलं, सुईवरून एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. त्यातून बी किंवा सी प्रकारची कावीळ होऊ शकते, एचआयव्हीसुद्धा. लागण झाली तरी सुरुवातीला ती तपासणीत सापडत नाही. त्या काळाला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. म्हणून टॅटू काढला किंवा कान टोचला, की वर्षभर रक्त द्यायचं नाही.

"म्हंजे आमचं रक्त नासलं?"

"नासलं नाही. ते चांगलं आहे का, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. आणि ते जाणार लहान लेकरांना."

मागून कुणीतरी ओरडलं, "लातूरवाल्यांना आमचा जिल्हा नको, आता रक्त बी नको!"

त्या गोंधळात एक सडपातळ माणूस मात्र खुशीत पुढे आला. मंडळाचा खजिनदार शिवानंद. "मला बी टॅटू हाय, मॅडम. म्हंजे मला बी न्हाई चालणार. जाऊ का?"

आमच्या शबाना सिस्टरनी त्याचा हात धरला. खपली नाही, सूज नाही, अक्षर मात्र छापल्यासारखं. त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. 'जिल्हा' कापसावर आला. हातावर नुसतं उदगीर राहिलं.

"मार्कर हाय," शिवानंद पुटपुटला. "सुईची लई भीती वाटते मला."

"गद्दार!" अप्पा गरजले. मग काहीतरी लक्षात आल्यासारखे थांबले. "म्हंजे... अख्ख्या मंडळात रक्त देऊ शकणारा ह्योच एकटा?"

चार जणांनी त्याला धरायला हात पुढे केले. मी सगळ्यांना बाहेर काढलं. जबरदस्तीचं रक्त आम्ही घेत नाही. शिवानंदला सांगितलं, "घरी जा. कुणी काही म्हणणार नाही."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "खरंच लेकरांना चढवता का हे?"

"हो."

"मग घ्या. पण मी बघणार न्हाई."

तपासणी करून त्याला कॉटवर घेतलं. त्याने डोळे घट्ट मिटले आणि सुई टोचल्यापासून निघेपर्यंत मंडळाचा सगळा हिशेब मोठ्याने सांगितला. अप्पांना खिडकीतून तो ऐकू येत होता. त्यातल्या दोन बाबी त्यांना नव्याच होत्या.

बाहेर येऊन शिवानंद ऐटीत बिस्किट खायला लागला. ते बघून अप्पांना राहवलं नाही. "पोरांनो, गाड्या काढा! कोऱ्या हाताची माणसं आणा!" मोटारसायकली धान्याच्या मोंढ्याकडे, डाळमिलकडे सुटल्या. हमाल आले, दुकानदार आले, मशिदीमागच्या गल्लीतले गॅरेजवाले आले. अप्पांची थोरली बहीणही आली. तिच्या हनुवटीवर गोंदण.

"बाई, माझं चालतंय का हे?"

"कधीचं आहे, अक्का?"

"लग्नाआधीचं."

"मग चालतं. त्याला जमाना झाला."

अक्कांचं हिमोग्लोबिन तिथल्या कित्येक पुरुषांपेक्षा चांगलं निघालं. त्यांनी रक्त दिलं, अप्पा शेजारी वर्तमानपत्राने वारा घालत उभे.

व्हॅन काही भरली नाही. पण त्या आठवड्यात एकाही मुलाला परत पाठवावं लागलं नाही. टॅटूवाल्यांना मी तपासणीला बोलावलं, काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं. नशिबाने सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. वर्ष उलटल्यावर त्यांनीच शिबिर भरवलं आणि सगळ्यांनी रक्त दिलं.

टॅटू काढण्यात वाईट काहीच नाही. फक्त आधी रक्त द्यावं, मग नव्या सुईने हवं ते गोंदवून घ्यावं. तेव्हापासून कुणी शिबिर ठरवायला आलं, की मी तारीख नंतर विचारते. आधी बाह्या वर करायला लावते.