ग्लेनोराने शंभरावरून हलवलेला आकडा

आमच्या विंडवर्ड गावात ग्लेनोरा बेथेलला बोलवायचं तर आधी स्वतःची चूक कबूल करायची तयारी लागते. बाई बावन्न वर्षांची, बाप लाकडी होड्या बांधणारा. त्याने मुलींच्या हाती कधी हातोडी दिली नाही, म्हणून ही परदेशी लोकांच्या शिडाच्या नौका धुवायला जायची आणि येताना तिथल्या वायरी शिकून यायची. आज कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या कॅरियाकू बेटावरच्या निम्म्या होड्यांची वीज तिच्या हातची आहे. माझ्या होडीची तेवढी नव्हती, कारण मी अतिशहाणा.

माझ्या होडीवर मासे ठेवायचा फ्रीझर आहे. त्यासाठी लिथियमची नवी बॅटरी मीच बसवली आणि जुन्या शिशाच्या बॅटरीचा मीटर तसाच ठेवला. तो सदा शंभर टक्के दाखवायचा आणि मी गावभर मिरवायचो. आम्हा कोळ्यांची जुनी सवय अशी, की होडीतला दिवा मंद झाला की बॅटरी दमली असं समजायचं. इथे दिवा मंद होईना, मीटर शंभरावरून हलेना. मंगळवारी भर समुद्रात सगळं एकदम बंद पडलं. धक्क्याला लागेपर्यंत मासे नासले होते.

शनिवारी आईच्या, थेल्माच्या, कबरीवर दगड बसवायचा होता. ढोल वाजणार, दोनशे माणसं येणार, आणि कुणी घास उचलायच्या आधी आईच्या नावाचं ताट मांडायचं. तिच्या आवडीचा तांबडा मासा पार लांबच्या खडकांपाशी मिळतो, जायला एक दिवस लागतो. बुधवारी सकाळी मी मुकाट्याने ग्लेनोराच्या दारात उभा राहिलो.

ती होडीवर आली, मीटरची बटणं दाबत एकेक आकडा वाचू लागली आणि हसत सुटली.

“हसायला काय झालं?” मी चिडलो.

“अरे ऑल्स्टन, बॅटरी बदलली हे याला कुणी सांगितलंच नाही. तेरा पूर्णांक दोन व्होल्ट दिसले की हा समजतो, भरली. लिथियम अर्धी रिकामी असली तरी तेवढे दाखवते.”

तिने मीटरमध्ये बॅटरीची क्षमता शंभर अँपिअर-तासांची दोनशे केली, भरल्याची खूण चौदा पूर्णांक दोन व्होल्टवर नेली, आणखी दोनचार आकडे बदलले. मला तर नाचावंसं वाटलं. मी दोर सोडायला धावलो, तर बाई दोरावरच बसली. बॅटरी एकदा खरोखर काठोकाठ भरू दे, म्हणाली, तिथूनच हा नीट मोजायला लागेल. पाच तास. मी ओरडलो, की मासे काय तुझी वाट बघत थांबणार आहेत?

“थेल्माकाकूला रिकामं ताट दाखवायचंय का तुला?”

मीही तिच्या शेजारी दोरावर बसलो.

दुपारी दोनला मीटर आपसूक शंभरावर आला. तिने फ्रीझर लावला. थोड्या वेळाने नव्व्याण्णव. आयुष्यात आकडा उतरताना बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मी लगेच निघालो. दोन्ही दिवस आभाळ भरलेलं होतं, सौर पॅनलने फारसं काही दिलं नाही. मी दर तासाला आकडा मोठ्याने वाचायचो, एकटाच. गुरुवारी संध्याकाळी जाळं खच्चून भरत होतं, आणि मीटरवर छप्पन्न. पूर्वीचा मी तिथेच राहिलो असतो. परतायलाही एक दिवस लागणार होता; मी होडी वळवली. शुक्रवारी धक्क्याला लागलो तेव्हा बावीस उरले होते आणि मासे दगडासारखे कडक होते. मी धक्क्यावरच उड्या मारल्या.

आमच्या घरात आईच्या ताटातला मासा थोरल्या मुलाने, म्हणजे मी, वाढायचा. शनिवारी सगळे वाट बघत असताना मी ताट ग्लेनोरासमोर धरलं. माझ्या मावश्यांनी डोळे वटारले.

“मी कोण रे तुमची?” ती हळूच म्हणाली.

मी ताट खाली घेतलं नाही. ग्लेनोराने सगळ्यात मोठा तुकडा उचलून ताटात ठेवला.

“काकू,” ती म्हणाली, “ताट भरलंय. या वेळी खरंच भरलंय.”

मग ढोल सुरू झाले.