आत्याचा राग

मृणाल कर्णिक आडवी होते ती फक्त पाठ टेकायला. जेवण अंगावर आलंय, पंखा डोक्यावर कुरकुरतोय आणि लॅपटॉप उशाशी उघडाच आहे. इतकी वर्षं हौसेनं चालवलेल्या ब्लॉगवरचा शेवटचा लेख, वाचकांचा निरोप घेणारा, त्यात लिहून तयार आहे. चहा झाला की तो टाकायचा आणि ब्लॉग बंद करायचा, असं तिचं ठरलंय. कुमुदआत्या गेली, हिनं तिच्यावर लेख लिहिला, आणि त्यानंतर हिच्या हातून धड काही उतरलंच नाही. लिहिलेलं प्रत्येक वाक्य खोटं वाटतं. का, ते कळत नाही, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटतं.

पंख्याची कुरकुर हळूहळू लांब जाते. आता ती पाट ओढल्यासारखी ऐकू येते, आणि खरंच कोणीतरी पाट ओढून बसलंय. पेणचं स्वयंपाकघर आहे. कुमुदआत्यापुढे परातीत मोड आलेले कडवे वाल. बिरड्याचे वाल एकेक करून सोलायचे, हा कायस्थांच्या घरातला दुपारचा उद्योग. हात वालांत आणि तोंड भाऊबंदांत.

“बस की. नुसती बघत काय उभी राहिलीस?”

मृणाल बसते. आत्या गेलीय हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण तसं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही. ती मूठभर वाल पुढ्यात ओढते.

“लिहिणं बंद करतेयस म्हणे,” आत्या मान वर न करता म्हणते.

“जमत नाही गं आता. तुझ्यावर लिहिला तो शेवटचा बरा लेख.”

“वाचला मी तो. कोण गं ती बाई?”

परात तीच आहे, पण भोवती आता दातांच्या डॉक्टरांकडची बाकं आहेत. भिंतीला टेकून माणसं बसलीत, प्रत्येकाच्या मांडीवर वालांचं ताट आणि प्रत्येकाचे हात जोडलेले. कोणीतरी पुटपुटतं, “भावपूर्ण श्रद्धांजली.” लेखाखाली प्रतिक्रिया लिहून गेलेले हेच ते सगळे, हे तिच्या लक्षात येतं.

“हे बघ तुझे वाचक,” आत्या म्हणते. “हात जोडून बसलेत मेले. वाल कोण सोलणार?”

मृणालला हसू फुटतं.

“कधी कोणावर रागावली नाही, असं लिहिलंयस. मी? तुझं लग्न ठरवताना मला विचारलं नाही, म्हणून पेणला दार लावून बसले होते. पत्रिका घेऊन आलेल्या तुझ्या बापाला पाणीसुद्धा विचारलं नाही मी.”

“गेलेल्या माणसाचं वाईट लिहू नये, आत्या.”

“वाईट नको लिहूस. माझं लिही.” आत्या एक वाल सोलून परातीत टाकते. “मंडपात मी दिसले नाही, तेव्हा रडलीस ना?”

“खूप.”

“तेही नाही लिहिलंस.”

बाकं आता एसटीची झालीत. आत्या खिडकीशी, मांडीवर परात घेऊन, आणि मृणाल खाली फलाटावर. गाडी सुरू होते तशी ती खिडकीबरोबर चालू लागते. आत्या आता परत दिसायची नाही, हे तिला कळतं.

“आत्या, मग बंद करू की नको?”

“माझा स्वभाव ठाऊक आहे ना तुला? विचारलं नाही की रुसते, आणि विचारलं की उत्तर देत नाही.”

डोळे उघडतात. पडद्यावर अजून ऊन आहे. उजव्या अंगठ्याच्या नखात काहीतरी रुतलंय. ती हात उजेडात धरते. वालाचं साल आहे, ओलं, ताजं. आत्या गेल्यापासून या घरात वाल भिजलेलेच नाहीत.

ती ते काढत नाही. लॅपटॉप जवळ ओढते, निरोपाचा लेख बाजूला सारते आणि आत्यावरचा लेख उघडते. ‘कधी कोणावर रागावली नाही’ हे वाक्य पुसते. त्या जागी लिहिते, ‘माझ्या लग्नाला कुमुदआत्या आली नाही.’ आणि आत्या गेल्यापासून पहिल्यांदाच ती हमसून हमसून रडायला लागते.

“उठलीस का गं?” स्वयंपाकघरातून नवरा विचारतो. “चहा टाकू?”

“थांब जरा,” ती नाक पुसत म्हणते. “लिहितेय.”